साप तुमचा, कात माझी

विश्रांतवाडीच्या त्या घरात आम्ही शिरलो तेव्हा घरातली चारही माणसं सोफ्यावर उभी होती. गृहस्थांनी तिथूनच बोट दाखवलं. वॉशिंग मशीनच्या मागे.

यासीनकाकांनी चपला दाराबाहेर काढल्या.

"अहो, चपला असू द्या पायात!" बाई सोफ्यावरून ओरडल्या.

"फरशी पुसलेली दिसतेय," काका म्हणाले आणि गुडघ्यांवर बसून मशीनच्या मागे दिसेनासे झाले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातावर धामणीची पाच फूट लांब कात होती, आंघोळीला निघालेल्या माणसाच्या हातावर पंचा असतो तशी. ती त्यांनी उजेडात धरली, तोंडाकडचा भाग दोन बोटांनी हळूच उलगडला आणि म्हणाले, "अख्खी आहे. डोळ्यांसकट." मग पिशवीतून बिस्किटांचा जुना चौकोनी डबा काढला, कात गुंडाळी करून आत ठेवली, झाकण लावलं आणि चपला घालायला लागले.

"येतो. आभारी आहे."

"अहो, आणि साप?" गृहस्थ म्हणाले.

"साप कुठंय?"

"तेच तर आम्ही विचारतोय!"

"तो गेला. कपडे बदलून घरात कोण बसतं?"

"पण तुम्ही साप न्यायला आला होतात ना?"

"नाही हो. साप तुमचा, कात माझी." एवढं बोलून काका जिना उतरणार, तेवढ्यात त्यांना बहुधा दया आली. ते परत फिरले, बाईंना एका सर्पमित्राचा नंबर लिहून दिला, मोरीच्या पाइपला जाळी लावायला सांगितली, आणि धामण माणसाला काही करत नाही, उंदीर मात्र खाते, तेव्हा या महिन्यात उंदीर कमी झाले असतील तर कोणामुळे ते लक्षात ठेवा, असंही सुनावलं. सोफ्यावरून मात्र कोणी उतरलं नाही.

खाली माझ्या स्कूटरवर बसताना म्हणाले, "घाबरायला माझी हरकत नाही. पण सोफ्यावर चपलांसकट उभे होते. बघितलंत?"

यासीन इनामदार कसबा पेठेत, आमच्या शेजारच्या इमारतीत राहायचे. एका कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांनी तीस वर्षं परिचर म्हणून काम केलं. बरण्यांमधले साप पुसणं, त्यांच्यावरची लेबलं बदलणं, परीक्षेच्या आधी ते मांडणं आणि नंतर मोजून परत कपाटात ठेवणं. निवृत्त झाले आणि गच्चीवरच्या खोलीत धनुष्यं करायला बसले. का, असं विचारलं की म्हणायचे, "तीस वर्षं मेलेले साप पुसले. आता जिवंतांचे कपडे सांभाळतो." धनुष्यांविषयी याहून जास्त उत्तर मला कधीच मिळालं नाही. कॉलेजच्या गॅदरिंगला नाटकासाठी एक धनुष्य करून दिलं होतं आणि ते तुटलं नाही, एवढं एकदा काकूंकडून कळलं.

अंगाने काटकुळे, शर्टाच्या खिशात दोन चष्मे, एक जवळचा आणि एक लांबचा, आणि वेळेला हाताशी येणारा नेमका दुसरा. बुरूड आळीतून स्वतः निवडून आणलेला बांबू ते वर्षभर खोलीत सुकवायचे, मग तासायचे, वाकवायचे, पुन्हा तासायचे. धनुष्याच्या दोरीला मी एकदा 'प्रत्यंचा' म्हटलं. तर म्हणाले, "दुकानात मागून बघा. दोरी मागितली की दोरी मिळते." साधी धनुष्यं ते शाळांना, हौशी लोकांना विकायचे. कात लावलेलं धनुष्य मात्र विकलं नाही. ते भिंतीवर टांगायचं, आणि मनात आलं की कोणाला तरी देऊन टाकायचं. प्रत्येकाच्या मुठीखाली बारीक अक्षरात कात कुठे सापडली ते लिहिलेलं. 'शनिवार पेठ, मीटरच्या पेटीमागे.' 'कुलकर्णी, तुळशीची कुंडी.' भिंतीकडे बघितलं की वाटायचं, अर्ध्या पुण्यात लोक ज्यांच्यासोबत राहतात त्यांची ही पाट्यांसकट यादी आहे.

हे सगळं मला नंतर कळलं. आधी मी त्यांच्याविरुद्ध पत्रक काढलं.

आमच्या घरात पत्रकं हा खाण्यापिण्याइतका रोजचा विषय. वडिलांचा छोटा छापखाना आहे. नदी, झाडं, मजुरी, पाणी, धरणग्रस्त, ज्याच्या बाजूने कोणी छापत नाही त्याचं पत्रक आमच्याकडे छापलं जायचं, पुष्कळदा फुकट. मी अक्षरं पत्रकांवरच शिकले. आमच्या डब्याखाली पत्रक, कपाटात पत्रक, वह्यांना कव्हर पत्रकांचं. जगात जे जे चुकीचं आहे ते एका पानात, दोन्ही बाजूंनी, मोठ्या टायपात सांगता येतं, हा माझा धर्म होता. अजूनही आहे. फक्त आता मी आधी माहिती घेते.

एका दुपारी गच्चीवर कपडे काढायला गेले तेव्हा पलीकडच्या गच्चीवर, हिरव्या जाळीच्या सावलीत, काचांवर पसरलेली लांबच लांब सापांची कातडी दिसली. एक, दोन, सात. शेजारी एक म्हातारा माणूस कात्री पुसत होता. माझं डोकं असं तापलं की कपडे दोरीवरच राहिले. संध्याकाळपर्यंत मजकूर तयार होता. 'कसब्यातला कसाई!' असा मथळा. 'निष्पाप जीवांची जिवंतपणी कातडी सोलून शोभेच्या वस्तू बनवणाऱ्यांना जाब विचारा!' आणि तळाला, सगळ्यात मोठ्या टायपात, आमच्या घरच्या प्रत्येक पत्रकाचा असतो तसा शेवट: 'वाचा! विचार करा! पुढे द्या!'

वडिलांनी एकच प्रश्न विचारला. "त्यांच्याशी बोललीस?"

"डोळ्यांनी बघितलंय," मी म्हणाले.

आमच्याकडे एक नियम आहे. ज्याच्याविरुद्ध लिहायचं, त्याच्या हातात पहिली प्रत स्वतः नेऊन द्यायची, मागून वार करायचा नाही. त्या नियमाचा मला फार अभिमान होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दोनशे प्रती घेऊन मी त्यांच्या गच्चीवर गेले. शाई नीट वाळलीसुद्धा नव्हती. काकांनी प्रत घेतली, लांबचा चष्मा काढला, खिशातून जवळचा काढला, आणि पत्रक उभ्या उभ्या पूर्ण वाचलं. दोन्ही बाजू. पाठीमागे काकू, म्हणजे हसीनाकाकू, उडदाचे पापड वाळत घालत होत्या.

"उद्गारचिन्हं फार आहेत," काका म्हणाले. "कोणाला ओरडताय?"

"तुम्हाला."

"मी तर समोरच उभा आहे." त्यांनी कागद बोटांत चोळला, बोटाला थुंकी लावून कोपरा ओला करून बघितला. "कागद चांगला आहे. पाणी ओढतो. आणखी आहेत का? शंभरेक द्या."

मला वाटलं, जाळून टाकणार. मी मान ताठ करून म्हटलं, "शंभर काय, दीडशे घ्या! पुन्हा छापीन."

"दीडशे नकोत, ठेवायला जागा नाही," ते म्हणाले आणि शंभर मोजून घेतली. मग तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे शेवटचं बरं आहे. विचार करा. कोणासाठी आहे हे?"

"वाचणाऱ्यांसाठी."

"अच्छा. लिहिणाऱ्यांसाठी नाही." आणि ते परत काचेकडे वळले.

तेव्हाच त्यांनी खरं सांगितलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. मी नंतर तसं म्हणाले. "तुम्ही विचारायला आला नव्हतात," ते म्हणाले, "सांगायला आला होतात. सांगायला आलेल्या माणसाला मध्ये तोडू नये."

उरलेल्या शंभर प्रती मी पत्रपेट्यांमध्ये टाकल्या, आणि दोनच दिवसांत त्यांच्या इमारतीच्या सोसायटीने रविवारी सकाळी सभा बोलावली. विषय एकच: गच्चीवरची खोली इनामदारांकडून काढून घेणे. ती खोली गेली की सगळंच गेलं. खालच्या दोन खोल्यांत सहा फुटी बांबू वाकवणं सोडा, उभा करणंही शक्य नव्हतं. पत्रकाचा असा परिणाम झालेला मी आधी कधी पाहिला नव्हता. खरं सांगते, शनिवारी मी खुशीत होते.

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. माहिती देण्यासाठी म्हणून मलाही बोलावलं होतं. सेक्रेटरी दामले यांनी घसा साफ केला.

"इनामदार, आधीच सांगतो, यात व्यक्तिगत काही नाही."

"मग व्यक्तीला कशाला बोलावलंत?" काका म्हणाले.

"पत्रक निघालंय. इमारतीचं नाव खराब होतंय. साप मारणं हा गुन्हा आहे, तुम्हाला माहीत असेलच."

"आहे ना. म्हणूनच मारत नाही."

तेवढ्यात मागच्या रांगेतून एक आवाज आला, हळू पण सगळ्यांना ऐकू जाईल असा. "बरोबरच लिहिलंय, कसाई. नाव बघितलं की कळतंच."

मी सापांसाठी लिहिलेला शब्द होता तो. मला तो जोरदार वाटला म्हणून मी मथळ्यात टाकला होता, आणि आता कोणीतरी तो उचलून एका माणसाच्या नावाला चिकटवला होता. इतक्या सहज, जणू मी तो त्यासाठीच तयार ठेवला होता. काकांनी ऐकलं होतं. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. तो लांबचा निघाला, म्हणून पुन्हा बदलला.

मग पिशवीतून बिस्किटांचा डबा काढला. त्यातून एक कात, ओंजळभर मोकळी हवा असावी तशी हलकी. दामल्यांच्या टेबलावर माझं पत्रक होतं. काकांनी ते सरळ केलं, त्यावर कात पसरली आणि माझ्याकडे बघितलं.

"लेखिकाबाई, या. वाचा."

"काय वाचू?"

"तुमचंच आहे. वरून वाचा, कात उचलायची नाही."

मी वाकले. खवल्यांच्या जाळीतून प्रत्येक अक्षर स्वच्छ दिसत होतं. ओल्या काचेतून दिसावं तसं.

"मोठ्याने," काका म्हणाले. "मागच्यांना ऐकू गेलं पाहिजे."

मी वाचलं. "निष्पाप जीवांची... जिवंतपणी... कातडी सोलून..."

कोणीतरी फिसकन हसलं.

"थांबा," काका म्हणाले. "दामले, तुमचं पाकीट द्या जरा."

"पाकीट? कशाला?"

"परत देतो."

दामल्यांनी खिशातून चामड्याचं जाडजूड पाकीट काढलं. काकांनी कात बाजूला केली आणि त्याच ओळीवर पाकीट ठेवलं.

"आता वाचा, बाई."

पाकिटाखालचं काय वाचणार?

"दिसत नाही," मी म्हणाले.

"हे सोललेलं," काका पाकिटाकडे बोट दाखवून म्हणाले. मग कात दोन बोटांवर तोलून धरली. "हे टाकलेलं. सापाने स्वतः, आपल्या मर्जीने, कोणाच्या तरी मोरीत. मी उचलतो, एवढाच माझा गुन्हा. आणि बाई, या पाकिटावर पत्रक कधी काढताय?"

यावर मात्र सगळी सभा हसली. दामल्यांनी पाकीट खिशात टाकलं आणि त्यावर हात ठेवून बसले. मी उभी राहिले. मागच्या रांगेकडे बघून म्हटलं, "कसाई हा शब्द माझा होता. तो खोटा होता. नावावरून ज्यांनी तो खरा ठरवला, त्यांनी आता समोर येऊन पुन्हा बोलावं." कोणी आलं नाही. मी आणखी बोलणार होते. खूप बोलणार होते.

"बसा," काका हळूच म्हणाले. "भाषण नको. पत्रक काढा."

खोली राहिली. दामल्यांनी कार्यवृत्तात 'विषय समाधानकारकरीत्या मिटला' असं लिहिलं. त्यावर काका म्हणाले, "समाधान कोणाचं, तेही लिहा."

माफीचं पत्रक मी दोन्ही बाजू भरून लिहिलं. त्यात माझी चूक होती, माझी लाज होती, समाजाची मानसिकता होती, आणि शेवटी थोडा इतिहासही होता. काकांनी गच्चीवर बसून ते वाचलं, बांबूवर खुणा करायची पेन्सिल घेतली आणि खोडायला सुरुवात केली.

"माफी एवढी लांब असली की तीच मिरवणूक वाटते," ते म्हणाले.

चार ओळी राहिल्या. 'मागच्या पत्रकातला मजकूर खोटा होता. मी न विचारता लिहिलं. कसाई हा शब्द वापरला याची मला लाज वाटते. यासीन इनामदार सापांनी टाकलेली कात गोळा करतात.' पाचवी ओळ त्यांनी स्वतः घातली: 'कात सापडल्यास कळवावे,' आणि खाली फोन नंबर.

"ही तर जाहिरात झाली!"

"छापताय ना फुकट? मग?"

त्या पाचव्या ओळीमुळे पुढची दोन वर्षं फोन येत राहिले, आणि माझी स्कूटर त्यांच्या दिमतीला लागली. विश्रांतवाडी, शनिवार पेठ, एकदा एका लग्नाच्या कार्यालयाची माळ्यावरची खोली. लोक साप न्यायला बोलवायचे, काका कात घेऊन निघायचे, आणि जिन्यात तोच संवाद व्हायचा. मला तो पाठ झाला होता.

काम कसं चालतं तेही तेव्हाच पाहिलं. साप कात टाकतो तेव्हा ती मोजा उलटा काढावा तशी उलटी होऊन निघते. ती कोमट पाण्यात भिजवायची. त्यासाठी काकूंची एक परात होती. ती चुकून स्वयंपाकघरात जाऊ नये म्हणून काकूंनी तिच्या काठावर लाल नेलपॉलिशने फुली मारली होती. मऊ झाली की कात सरळ करायची, पोटाकडच्या रुंद खवल्यांच्या मधोमध कात्री चालवायची, काचेवर पाणी ओढणारा कागद अंथरून त्यावर पसरायची आणि बोटाने हलके हलके सपाट करायची. सावलीतच वाळवायची, नाहीतर ती कडकडीत होऊन चुरते. मग सरसाने धनुष्याच्या पाठीवर बसवायची. कागद म्हणून माझी पत्रकं वापरली जात होती. शंभर का मागितली होती ते मला तेव्हा कळलं.

"तुमच्यामुळे माझी रद्दीची सोय झाली," काका म्हणायचे. "नदीवरचं पत्रक निघालं की सांगा. त्याचा कागद जाड असतो."

डोळ्यांवरच्या दोन बारीक पारदर्शक चकत्या ते काडेपेटीत जपायचे. "याला म्हणतात चष्मा बदलणं," म्हणायचे. "दरवेळी नवा. आणि मला बघा."

काकूंचं या सगळ्याशी तहासारखं नातं होतं. गच्चीच्या जाळीखाली अर्धी जागा पापडांची, अर्धी सापांची, आणि मध्ये खडूची रेघ. "आमच्याकडे पाहुणे आले," काकू सांगायच्या, "की मी आधी सांगते, डावीकडचं खायचं." एकदा वाऱ्याने एक कात उडाली ती थेट पलीकडच्या इमारतीतल्या बाईंच्या दोरीवर. संध्याकाळी त्या बाईंनी ती नीट घडी घालून, कागदाच्या पिशवीत घालून परत पाठवली. सोबत चिठ्ठी: 'आपली लेस उडून आली होती. फार नाजूक काम आहे. कुठे मिळाली?' मी म्हटलं, खरं काय ते कळवू या. काका चिठ्ठी न्याहाळत राहिले. मग पिशवीवरच लिहिलं, 'घरगुती आहे,' आणि ती परत पाठवली. ती चिठ्ठी त्यांच्या डब्यात कायम असायची, कातीच्या खाली.

मागच्या वर्षी काकूंचे गुडघे गेले. इमारतीला लिफ्ट नाही. मुलगी विश्रांतवाडीला राहते, तळमजल्यावर, मागे मोकळी जागा. काकांनी आठ दिवसांत आवरलं. जायच्या दिवशी टेम्पो दाराशी उभा होता. त्यात बांबू, काचा, जुन्या साडीत बांधलेली धनुष्यं, आणि पुढच्या सीटवर पापडांचा डबा मांडीवर घेऊन काकू. काकांनी दामल्यांच्या हातात गच्चीच्या खोलीची किल्ली ठेवली.

"घ्या. आता रिकामी आहे. ठराव करायचा राहिला होता ना?"

दामले म्हणाले, "अहो, कशाला लाजवता," आणि खरंच लाजले. मग एक गोष्ट झाली जी मला अपेक्षित नव्हती. दामल्यांनी शर्टाच्या खिशातून एक छोटी पुडी काढली आणि ती इकडेतिकडे बघत काकांच्या हातात कोंबली. पाण्याच्या टाकीखाली सापडलेली वीतभर कात होती. "लहान आहे," ते पुटपुटले, "पण अख्खी आहे." काकांचा हात चष्म्यांकडे गेला. या वेळी दोन्ही खिशातच राहिले आणि त्यांनी डोळेच पुसले.

मला त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक लांब बोचकं दिलं. "घरी जाऊन उघडा. इथे भाषण कराल." टेम्पो निघाला. गल्लीच्या तोंडाशी पोचतो न पोचतो तोच थांबला. काका खाली उतरले, एका हातात फोन आणि दुसऱ्यात बिस्किटांचा डबा. टेम्पोवाल्याला एक बोट दाखवून बाजूच्या बोळात शिरले. "अहो, आज तरी!" काकू खिडकीतून ओरडत होत्या. काकांनी मागे न बघता डबा वर करून हलवला. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असं.

घरी येऊन बोचकं सोडलं. धामणीची कात लावलेलं धनुष्य, वर व्हार्निशचा पातळ हात. मुठीखाली बारीक अक्षरात: 'कसबा पेठ, आमचीच गच्ची.' आणि मुठीच्या वर, खवल्यांच्या आत, काळी छापील अक्षरं. त्या पहिल्या दिवशी शाई ओली होती, कात ओली होती. माझ्या पत्रकाची तळाची ओळ तिला खालून लागली होती, आणि तशीच, सरळ वाचता येईल अशी, सरसाने बांबूवर कायमची बसली होती. नखाने खरवडून बघितलं. वरून हात लागत नाही, कातीच्या खाली आहे ती.

सगळी ओळ नव्हती. 'वाचा' नव्हतं, 'पुढे द्या' नव्हतं. कात्रीने नेमकं मधलं ठेवलं होतं: 'विचार करा'. लिहायच्या टेबलासमोर टांगलंय ते धनुष्य. रोज बघते. उद्गारचिन्ह त्यांनी कापून टाकलंय.